तळघरातल्या वाफेची वाट

अमेरिकेच्या ईशान्य आणि मध्य-पश्चिम भागात घराखाली तळघर येतं ते थंडीमुळे. हिवाळ्यात जमीन जिथवर गोठते त्याच्या खाली घराचा पाया न्यावा लागतो. नाहीतर गोठून फुगलेली माती पाया उचलते आणि भिंतींना तडे जातात. जमीन गोठण्याची ही खोली न्यू जर्सीत साधारण तीन फूट, तर मिनेसोटाच्या उत्तर भागात पाच फूट धरतात. एवढं खणायचंच आहे तर आणखी थोडं खणून अख्खा मजला का मिळवू नये, असा तो साधा हिशेब. या मजल्यावर सुरुवातीला फर्नेस, वॉटर हीटर, कपडे धुण्याचं आणि वाळवण्याचं यंत्र आणि न उघडलेले खोके एवढंच असतं. मग कुटुंब वाढतं. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये किंवा शिकागोच्या उपनगरांत राहणाऱ्या मराठी घरांत ‘बेसमेंट फिनिश करून घेणं’ हा संसारातला एक ठरलेला टप्पा आहे. भारतातून सहा महिन्यांसाठी येणारे आई-बाबा, मंडळाच्या नाटकाच्या तालमी, गणपतीतली पाहुण्यांची वर्दळ, सगळ्यांची सोय तिथे होते. खोली झाली की तिला जोडून बाथरूम येतं, आणि बाथरूम आलं की वाफ येते.

टाइल्स कोणत्या, शॉवरला काच लावायची की पडदा, यावर घरात आठवडेच्या आठवडे चर्चा चालते. पंख्याची पाळी सगळ्यांत शेवटी येते. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये खिडकीच्या एका तावदानाच्या जागी एक्झॉस्ट फॅन बसवला की काम झालं, हवा थेट बाहेर किंवा इमारतीच्या डक्टमध्ये जाते. तीच सवय मनात असते, म्हणून तळघरातही ‘छताला एक पंखा लावून टाका’ एवढंच कॉन्ट्रॅक्टरला सांगितलं जातं. पण तळघराच्या छतावर आकाश नसतं, बैठकीची खोली असते. आणि भिंतीपलीकडे अंगण नसतं, माती असते. पंखा दुकानात तासाभरात मिळतो. हवेची वाट मात्र घर पाहून आखावी लागते. ती वाट दुहेरी असते, ओली हवा बाहेर जाण्याची आणि तिच्या जागी दुसरी हवा आत येण्याची. या प्रकरणात दोन्ही वाटा पाहू.

वाफ आणि थंड भिंत

हवेत किती वाफ मावते हे तिच्या तापमानावर ठरतं. २४ अंश सेल्सियसच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे २२ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात राहू शकतं. तीच हवा १२ अंशांपर्यंत थंड केली तर जेमतेम ११ ग्रॅम मावतं. उरलेलं पाणी कुठेतरी थेंब होऊन बसतं. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला बाहेरून घाम फुटतो, तो याच कारणाने.

तळघराची काँक्रीटची भिंत म्हणजे असा वर्षभर थंड राहणारा पृष्ठभाग. जमिनीत जसजसं खोल जावं तसतसं तापमान ऋतूंबरोबर कमी हलतं. ते त्या गावाच्या वार्षिक सरासरीच्या जवळ राहतं. न्यू जर्सीत ही सरासरी १२ अंशांच्या आसपास आहे. भिंतीला आतून इन्सुलेशन आणि ड्रायवॉल, म्हणजे कागद चिकटवलेले जिप्समचे तक्ते, लावले की आपल्या हाताला ती उबदार लागते, पण त्यामागचं काँक्रीट थंडच असतं. ओली हवा ड्रायवॉलच्या फटींतून मागे शिरली की तिथे पाणी धरतं, लाकडी चौकट ओली होते, ड्रायवॉलच्या कागदावर बुरशी वाढते. बाहेरून काही दिसत नाही. दिसायला लागतं तेव्हा आधी वास येतो आणि मग डाग.

आता बाथरूमचा हिशेब करू. आठ फूट बाय पाच फूट, उंची साडेसात फूट, म्हणजे ३०० घनफूट हवा. मिनिटाला ५० घनफूट हवा ओढणारा पंखा ही सगळी हवा सहा मिनिटांत बदलतो. मग आंघोळ झाल्यावर सहा मिनिटं पंखा चालवला की पुरे? नाही. या खोलीच्या २४ अंशांच्या हवेत काठोकाठ वाफ भरली तरी ते पाणी २०० ग्रॅमसुद्धा भरत नाही. बाकीचं पाणी भिंतींवर, काचेवर, टॉवेलवर आणि फरशीवर असतं आणि पुढची कितीतरी मिनिटं सावकाश हवेत येत राहतं. म्हणून आंघोळ संपल्यावरही २० मिनिटं पंखा चालू ठेवावा, असं पंखे बनवणाऱ्यांची संघटना सांगते. हे माणसाच्या लक्षात राहत नाही. त्यासाठी भिंतीवर साध्या बटणाऐवजी टायमरचं बटण बसवावं. आर्द्रता ओळखून आपोआप चालू-बंद होणारे पंखेही मिळतात, पण पावसाळी उन्हाळ्यात तळघराची हवा मुळातच दमट असेल तर ते विनाकारण चालत राहतात. टायमर स्वस्त आणि भरवशाचा.

नियम काय मागतो

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांचे घरबांधणीचे नियम ‘इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड’ या आदर्श संहितेवर बेतलेले आहेत. बाथरूमला किमान तीन चौरस फूट काचेची खिडकी असावी आणि तिचा अर्धा भाग उघडता यावा, किंवा मग यांत्रिक वायुवीजन असावं, असं ती सांगते. तळघरात तशी खिडकी क्वचितच मिळते, तेव्हा पंखा अटळ. तो लागेल तेव्हाच चालवायचा असेल तर मिनिटाला ५० घनफूट आणि सतत चालू ठेवायचा असेल तर २० घनफूट, ही किमान क्षमता. खोक्यावर हा आकडा ‘सीएफएम’ या एककात छापलेला असतो. मोठ्या बाथरूमसाठी चौरस फुटाला एक सीएफएम असा ठोकताळा वापरतात. १०० चौरस फुटांपर्यंत तो चालतो.

याहून महत्त्वाची अट म्हणजे हवा घराबाहेर गेली पाहिजे. माळ्यावर, छताच्या पोकळीत किंवा पायाखालच्या रिकाम्या जागेत सोडलेली हवा बाहेर गेली असं नियम मानत नाही. तळघरात ही पळवाट फार मोहक असते. छताच्या लाकडी तुळयांमध्ये भरपूर पोकळी असते, पंख्याला नळी न जोडता तसाच तिथे बसवला तरी पंखा फिरतो, आवाजही करतो. फक्त सगळी वाफ वरच्या मजल्याच्या फरशीखाली साचते. कोळशाची गाळणी असलेले, नळी न लागणारे पंखेही मिळतात. ते थोडा वास शोषतात, पाण्याची वाफ जिथल्या तिथे राहते.

आणखी दोन पळवाटा प्रत्येक कॉन्ट्रॅक्टरला कधी ना कधी विचारल्या जातात. कपडे वाळवण्याच्या यंत्राची नळी जवळच आहे, तिला जोडू का? नाही. त्या नळीत कापसाची पेटणारी लव साचते, तिच्यात दुसरं काही जोडायला बंदी आहे. शिवाय यंत्र चालू झालं की त्याची गरम, दमट हवा बाथरूममध्ये येईल. संडासाच्या पाइपला हवा देणारी, छतावर जाणारी नळी आहे, तिला जोडू का? तेही नाही. गटारातला वायू घरात शिरू नये म्हणून असलेली सगळी व्यवस्था त्या एका जोडाने मोडते.

बाहेर कुठून काढायचं

तळघराच्या भिंती जमिनीच्या थोड्या वर येतात आणि त्यांच्यावर घराचा लाकडी सांगाडा बसतो. तळमजल्याच्या फरशीला तोलणाऱ्या लाकडी तुळयांना ‘जॉइस्ट’ म्हणतात, आणि त्यांची टोकं झाकणाऱ्या घराभोवतीच्या फळीला ‘रिम जॉइस्ट’. ही फळी जमिनीच्या वर असते, लाकडाची असते, आणि तिच्यापलीकडे मोकळी हवा असते. तळघरातून बाहेर पडण्याची सगळ्यांत सोपी वाट हीच. पंखा दोन तुळयांमधल्या पोकळीत बसवायचा, त्याच पोकळीतून चार इंची नळी सरळ न्यायची, रिम जॉइस्टला सव्वाचार इंची भोक पाडायचं आणि बाहेर झडपेचं तोंड बसवायचं.

अडचण येते ती तुळया उलट दिशेने असतात तेव्हा. जवळची बाहेरची भिंत डावीकडे चार फुटांवर आहे, पण तुळया पुढून मागे धावतात. नळीला वाटेतल्या तुळया ओलांडायच्या आहेत. तुळईत किती मोठं भोक पाडता येतं याचा नियम आहे: तुळईच्या उंचीच्या एक-तृतीयांशाहून मोठं नाही, आणि वरच्या-खालच्या कडेपासून किमान दोन इंच सोडून. बाजारात ‘दोन बाय दहा’ म्हणून मिळणारी तुळई प्रत्यक्षात सव्वानऊ इंच उंच असते, म्हणजे भोक फार तर तीन इंचांचं. ‘दोन बाय बारा’ची खरी उंची सव्वाअकरा इंच, तिथे पावणेचार इंच. चार इंची नळी दोन्हींतून जात नाही. इथे करवत चालवणारा माणूस वरच्या बैठकीच्या खोलीची फरशी कमकुवत करून ठेवतो.

मग पर्याय तीन. पहिला, नळी त्याच पोकळीतून लांबच्या का होईना, पण पुढच्या किंवा मागच्या भिंतीकडे न्यायची. दुसरा, तुळयांच्या खालून नेऊन तिच्याभोवती ड्रायवॉलची पेटी करायची. तळघराची उंची आधीच बेताची असते, म्हणून ही पेटी भिंतीलगत किंवा कपाटावरून न्यावी. तिसरा, तळघराच्या छोट्या खिडकीचं एक तावदान काढून तिथे फळी बसवायची आणि तिच्यातून नळी काढायची. काँक्रीटला हिऱ्याच्या करवतीने भोक पाडूनही नळी काढता येते, पण ते काम खर्चाचं आहे आणि जमिनीच्या वरच्या पट्ट्यातच करायचं आहे. भाग्यवान ते, ज्यांच्या घरात साध्या तुळयांऐवजी जाळीदार लाकडी ट्रस आहेत. त्यांची नळी वाटेल तिथून जाते.

बाहेरचं तोंड कुठे उघडतं यालाही नियम आहेत. खिडकी-दारापासून आणि शेजाऱ्याच्या हद्दीपासून किमान तीन फूट, आणि घरात यंत्राने हवा ओढून घेणारं तोंड असेल तर त्यापासून दहा फूट अंतर हवं. ते जमिनीलगत असलं तर हिवाळ्यात बर्फाखाली गाडलं जातं. लाकडी डेकखाली उघडलं तर डेकच्या फळ्या ओल्या राहतात. जिथे डिसेंबर-जानेवारीत दोन फूट बर्फ साचतं, तिथे तोंड जमिनीपासून त्याहून उंच असलं पाहिजे, हे उन्हाळ्यात काम करताना कुणाला आठवत नाही.

नळीचं गणित

खोक्यावरचा सीएफएमचा आकडा प्रयोगशाळेत पाण्याच्या ०.१ इंच, म्हणजे सुमारे २५ पास्कल दाबाविरुद्ध मोजलेला असतो. प्रत्यक्षातली नळी लांब, वळणांची, बारीक असली की दाब वाढतो आणि हवा घटते. ८० लिहिलेला पंखा ४० वर येतो आणि घरमालकाला पंखा वाईट वाटतो.

नळी बारीक झाली की काय होतं ते पाहा. चार इंचाऐवजी तीन इंची नळी घेतली तर तिचं तोंड जवळपास निम्मं होतं. पण तेवढीच हवा तिच्यातून ढकलायला लागणारा दाब चौपटीहून जास्त वाढतो, कारण घर्षण व्यासाच्या साधारण पाचव्या घाताने बदलतं. म्हणून पंख्याचं तोंड चार इंची असेल तर नळीही चार इंचीच हवी, आणि १०० सीएफएमच्या वरच्या पंख्याला सहा इंची बरी. घडीची, वाकणारी नळी बसवायला सोपी असते. पण तिच्या आतल्या वळ्यांमुळे घर्षण वाढतं आणि ती सैल लोंबली की खोलगट भागात पाणी साचतं. सरळ पल्ल्याला पत्र्याची गुळगुळीत नळी घ्यावी, वळणं कमीत कमी ठेवावीत आणि पंख्याजवळ एक-दोन फूट सरळ भाग सोडूनच पहिलं वळण घ्यावं.

नळीला बाहेरच्या दिशेने किंचित उतार द्यावा, म्हणजे आत जमलेलं पाणी पंख्यात न येता बाहेर ठिबकेल. तळघरातल्या नळीचा बराचसा भाग घराच्या उबेत असतो, ही जमेची बाजू. पण रिम जॉइस्टजवळचे शेवटचे काही फूट थंड असतात. तेवढ्याला तरी इन्सुलेशन गुंडाळावंच. सांधे अॅल्युमिनियमच्या फॉइल टेपने बंद करावेत. कापडी डक्ट टेपचं नाव काही असलं, तरी लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने १९९८ मध्ये निरनिराळ्या टेप गरम-थंड हवेच्या नळ्यांवर तपासल्या, तेव्हा तीच टिकली नाही.

पंख्याच्या आवाजाचं एकक ‘सोन’. हार्वर्डमधले मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली स्मिथ स्टीव्हन्स यांनी १९३६ मध्ये ते सुचवलं. डेसिबलपेक्षा ते समजायला सोपं आहे, कारण दोन सोनचा आवाज कानाला एका सोनच्या दुप्पट वाटतो. जास्त आवाजाचा पंखा लोक लावतच नाहीत, म्हणून एक सोनच्या आतला पंखा घेणं ही चैन समजू नये. छत फारच खाली असेल तर नळीच्या मधोमध बसणारा पंखा मिळतो. बाथरूममध्ये फक्त जाळी दिसते आणि मोटर लांब, शेजारच्या खोलीत राहते. अर्थात तिच्यापर्यंत दुरुस्तीसाठी हात पोहोचेल अशी झडप ठेवायला विसरू नये.

जेवढी गेली तेवढी आली

आता दुसरी वाट. पंख्याने मिनिटाला ५० घनफूट हवा बाहेर टाकली की तेवढीच हवा कुठून तरी बाथरूममध्ये आली पाहिजे. पहिली जागा दाराखालची फट. तीस इंची दाराखाली पाऊण इंच फट ठेवली तर सुमारे २२ चौरस इंच जागा मिळते. चार इंची नळीचं तोंड साडेबारा चौरस इंचांचं असतं, तेव्हा ती पुरते. नंतर कुणी जाड गालिचा घातला किंवा थंडी येते म्हणून खाली रबरी पट्टी लावली, की पंखा बंद डब्यातली हवा ओढायला लागतो.

मग ती हवा तळघरात कुठून आली? इथे तळघर इतर मजल्यांपेक्षा वेगळं पडतं. हिवाळ्यात घरातली गरम हवा वर चढते आणि माळ्याच्या फटींतून बाहेर पडते. त्यामुळे घराच्या तळाशी हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी असतो. बाहेर उणे दहा अंश असताना दुमजली घराच्या तळघरात हा फरक तीन-चार पास्कल असू शकतो. पंखा, कपडे वाळवण्याचं यंत्र आणि वरच्या स्वयंपाकघरातली चिमणी एकदम चालू झाली की तो आणखी वाढतो.

त्याच तळघरात जुन्या पद्धतीचा गॅसचा वॉटर हीटर असेल, ज्याचा धूर फक्त गरम हवेच्या बळावर चिमणीतून वर जातो, तर धोका खरा आहे. आतला दाब पुरेसा कमी झाला की चिमणी उलटी वाहते आणि धूर, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडसह, खोलीत येतो. एकटा ५० सीएफएमचा पंखा सहसा एवढं करत नाही. पण सगळी यंत्रं एकत्र आल्यावर काय होतं, याची चाचणी तंत्रज्ञ घरातले सगळे पंखे लावून, दारं बंद करून करतात. नूतनीकरणात वॉटर हीटरची जागा भिंतींनी बंद केली जाते, त्यामुळे त्याला लागणारी हवाही तुटते. तळघर राहण्याजोगं करताना ही चाचणी करून घ्यावी, किंवा बाहेरून हवा घेऊन बाहेरच धूर सोडणारा बंद पद्धतीचा हीटर बसवावा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तर हवाच.

कमी दाब जमिनीतूनही हवा ओढतो, आणि तिच्याबरोबर रेडॉन. खडकातल्या युरेनियमपासून निघणारा हा किरणोत्सारी वायू रंगहीन आणि गंधहीन आहे. १९८४ च्या डिसेंबरमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज केंद्रावर कामाला येणारा एक अभियंता आत शिरतानाच किरणोत्साराच्या घंटा वाजू लागल्या. अणुभट्टीशी त्याचा काही संबंध नव्हता. तो हे घरून घेऊन येत होता. त्याच्या घरातलं रेडॉनचं प्रमाण आज ठरवलेल्या पातळीच्या शेकडो पट निघालं. त्या घराखालून जाणारा ‘रीडिंग प्राँग’ हा खडकाचा पट्टा न्यू जर्सीतून न्यूयॉर्कपर्यंत पसरलेला आहे. पर्यावरण संरक्षण संस्थेने लिटरमागे ४ पिकोक्युरी ही उपाय करण्याची पातळी ठरवली आहे. तळघरात कुणी झोपणार असेल तर फरशी टाकण्याआधी रेडॉन मोजून घ्यावा. त्यावरचा उपाय, म्हणजे फरशीखालची हवा ओढून छतावर सोडणारी नळी, तेव्हा सहज घालता येतो.

उन्हाळ्याचा प्रश्न निराळा. जुलैतल्या न्यू जर्सीत बाहेरची हवा मुंबईच्या आठवणी करून देण्याइतकी दमट असते. त्या दिवसांत पंखा तासन्‌तास चालवला तर तो बाहेरची ओल तळघरात ओढून थंड भिंतींवर बसवतो. आंघोळीची वाफ काढण्यापुरता पंखा आणि बाकीच्या ओलीसाठी डीह्युमिडिफायर, अशी विभागणी उन्हाळ्यात योग्य ठरते.

ड्रायवॉल लागण्यापूर्वी

न्यू जर्सीत तळघर फिनिश करायला टाउनशिपच्या बांधकाम कार्यालयातून परवाना लागतो, आणि भिंती बंद करण्याआधी इन्स्पेक्टर येऊन आतलं काम पाहतो. परवाना टाळून काम स्वस्तात करून देणारे भेटतात. पण नळी कुठे गेली हे पाहण्याची तीच एक वेळ असते. त्यानंतर ती भिंत फोडूनच दिसते. इन्स्पेक्टर येण्याआधी घरमालकाने स्वतः कॉन्ट्रॅक्टरला चार प्रश्न विचारावेत. हवा नेमकी कोणत्या भिंतीतून बाहेर पडते? नळी पूर्ण पल्ल्यात चार इंची आहे का? कोणत्या तुळईला किती मोठं भोक पाडलं? आणि दाराखालून येणाऱ्या व वॉटर हीटरच्या चिमणीला लागणाऱ्या हवेचा काय विचार केला? उत्तरं मिळाली की नळीचे फोटो काढून ठेवावेत, पुढे घर विकतानाही ते उपयोगी पडतात.

काम संपल्यावरची तपासणी कुणालाही करता येते. पंखा लावून जाळीवर कागदाचा एक पापुद्रा धरा. तो चिकटून राहिला पाहिजे. पण एवढ्यावर समाधान मानू नका, कारण छताच्या पोकळीत हवा सोडणारा पंखाही कागद धरून ठेवतो. पंखा चालू ठेवून घराबाहेर जा आणि झडप उघडली आहे का, तिच्यातून हवा हाताला लागते का, ते पाहा. लागत असेल तरच कॉन्ट्रॅक्टरचा शेवटचा हप्ता द्या.